डबीचं टोपडं

९ जानेवारी, दुपार

पोरी,

पाकिटावरचं अक्षर ओळखलंस की तू हे बाजूला ठेवशील, मला ठाऊक आहे. ठेव. पण फाडू नकोस. घाबरलेल्या माणसाचं पत्र फाडू नये.

फोन का केला नाही म्हणशील. एक तर फोनवर मला निम्मं ऐकू येतं आणि उरलेलं निम्मं मी उलटं समजतो. दुसरं म्हणजे घरात जिथे फोन लागतो तिथेच तुझ्या आईचा पलंग. तिच्यादेखत हे बोलता येत नाही. आता तिचा डोळा लागलाय म्हणून बसलो. सातवीपर्यंतची शाळा, आणि पुढे जन्मभर कापडावर खडूने रेघा ओढल्या. अक्षराला हसू नकोस.

तुझी डबी तांबडी झाली आहे.

तुझी म्हणतो ते उगाच नाही. गेल्या वर्षी दारात आपलं वाजलं. तू म्हणालीस, आईला तिसऱ्या मजल्यावर कोंडून ठेवू नका, इमारत जुनी झाली, माझ्याकडे तळमजल्यावर चला. मी म्हणालो, या घरातून मी आडवा होऊनच निघेन. तू चपला घातल्यास त्या घातल्यास. पण पुढच्याच महिन्यात तुझ्या कंपनीची माणसं आली आणि प्रत्येक घरात एकेक डबी लावून गेली, तीही फुकट. सोसायटीचे अध्यक्ष, ज्यांना तू लहानपणी भोंगा म्हणायचीस, ते अजून सांगत फिरतात की त्यांच्या ओळखीने काम झालं. मी तोंड उघडलं नाही. लेक बोलत नाही, पण तिने राखण पाठवली, एवढं मला कळलं.

साबणाच्या वडीएवढी वस्तू. स्वयंपाकघरातल्या खांबाला चिकटवली. लावणाऱ्या बाई चांगल्या होत्या, चाळिशीच्या, कमरेला पट्टा बांधलेल्या. त्यांनी समजावून सांगितलं, "काका, आत एक राखणदार आहे असं समजा. माणूस नाही, प्रोग्राम. आधी तो तुमच्या खांबाच्या सवयी शिकतो. रोजचा हादरा कोणता, परका कोणता. परकं काही लागलं की तो शेजारच्या डब्यांना विचारतो, बायांनो, तुम्हालाही लागलं का? बहुतेक जणी हो म्हणाल्या तर आम्हाला कळवतो. कुणीच हो म्हणालं नाही, तर ही एकटीच बिघडली असं धरतो."

मी म्हणालो, "म्हणजे जिन्यातल्या बायकांसारखं."

"जिन्यातल्या पुरुषांसारखंही," बाई म्हणाल्या.

वर्षभर हिरवा दिवा होता. परवापासून तांबडा. मी खांबाला हात लावून पाहिला. गार होता. खांब गारच असतो, पण मला तो आजाऱ्यासारखा गार वाटला. तुझ्याकडे काही कळलं का? कळलं असेल तर मला सांगू नकोस. नाही, सांग.

बाप

१७ जानेवारी

पोरी,

डबीवाल्या बाई येऊन गेल्या. हातात पाटीसारखं यंत्र होतं, त्यावर साऱ्या इमारतीचं चित्र. सगळीकडे हिरवे ठिपके आणि आपल्या घरावर तेवढा तांबडा, जसा शाळेत एकट्याच मुलाला अंगठे धरून उभं केलं असावं.

"काका, बाकी सगळ्या शांत आहेत," त्या म्हणाल्या. "मध्ये रंगकामासाठी काही दिवस बंद ठेवल्या होत्या. परत चालू झाल्यावर नव्याने शिकल्या, आणि तेव्हापासून एकीचीही कुरकुर नाही. तुमचीच एकटी ओरडतेय. शेजारणी साक्ष देत नाहीत, म्हणून वरती हिला बिघडलेली ठरवलंय."

"ठरवलं कुणी?"

"कुणी म्हणजे, नियमानेच. सिस्टीम ठरवते."

मी सुटकेचा निःश्वास टाकला. टाकला आणि तो अर्ध्यात अडकला. आयुष्यभर मलाही घरात आणि दारात सगळे म्हणत आले, याचं नेहमीचंच आहे, याला कशात ना कशात भुतं दिसतात. कधी गॅस उघडा राहिला म्हणतो, कधी दाराला कुलूप नाही म्हणतो. ती डबी मला माझ्यासारखीच वाटायला लागली. आणि मी बरोबर ठरलोय असं फारसं कधी झालेलं नाही, त्यामुळे तिच्यावर विश्वास ठेवावा तर तसाही धीर होईना.

जाताना बाईंनी विचारलं, "घरात कुठे भेग वगैरे? दार अडकतं का?"

मी नाही म्हणालो.

स्नानघराचं दार घासतं आहे. लाकूड हवेने फुगलं असणार. मी वरच्या कडेला रंधा मारला, दोन दिवस नीट लागलं, आता परत घासतंय. हे बाईंना सांगितलं असतं तर त्यांनी लिहून घेतलं असतं. लिहून घेतलं की वरचे साहेब येतात, साहेब आले की दारावर कागद चिकटतो, की घर खाली करा. तुझ्या आईला दम लागतो. खाटेवरून खुर्चीवर यायचं तर मध्ये थांबते. तिला मी कुठल्या रस्त्यावर नेऊन बसवू?

तिला तांबडा दिवा आता दिसत नाही. कसा ते विचारू नकोस.

बाप

२७ जानेवारी, तिसरा प्रहर

पोरी,

तुझं उत्तर नाही. नसू दे. मी लिहीत राहतो, तेवढंच छातीवरचं ओझं हलकं.

आधी एक सांगून टाकतो. डबीला मी टोपडं शिवलं आहे. तू बाळ असताना शिवलं होतं तसं, कानावरून बंद येणारं. जुन्या उशीच्या अभ्र्याचं कापड. आईने विचारलं, "अहो, खांबावर हे काय लोंबतंय?" मी म्हणालो, "धूळ बसते." ती माझ्याकडे बघत राहिली आणि कुशीवर वळली. मला वाटतं फसली.

काल गच्चीवर सभा झाली. विषय आपली डबी. समोरच्या टायपिस्ट बाई म्हणाल्या, एका घराच्या तांबड्या दिव्याने इमारतीचं नाव खराब होतं, उद्या कुणाला घर विकायचं झालं तर? भोंग्याने घसा साफ केला. "आपण लोकशाहीत राहतो. सगळ्या डब्या एकमताने सांगतात की इमारत ठणठणीत आहे. एक डबी विरोधात जाते. ती काढून टाकावी की नाही? हात वर करा." सगळ्यांचे हात वर गेले.

माझाही गेला.

काय करणार होतो? इमारत धडधाकट आहे असं सगळं गाव म्हणत असताना मी एकट्याने हात खाली ठेवून काय मिळवलं असतं? खाली उतरताना जिन्यात भोंगा म्हणाला, "काका, आज शहाण्यासारखं वागलात." मला ते चपराकीसारखं लागलं. आता पुढच्या महिन्यात डबीवाल्या बाई येऊन ती काढून नेतील.

आणि रंगाचं तुला सांगितलंच नाही. दिवाणखान्यापासून स्वयंपाकघरापर्यंत सगळ्यांची घरं आतून रंगवून झाली, भोंग्याने एकच रंगारी ठरवला होता, घाऊक भावात. माणूस मोठा हौशी. त्याने सगळ्यांच्या डब्या खांबांवरून उपटून एका बादलीत टाकल्या. रंग वाळल्यावर म्हणाला, स्वयंपाकघरात तेलकट होतात, त्यापेक्षा टीव्हीच्या वर लावतो, शोभेल. आणि खरंच, दोरी धरून सगळ्यांच्या घरात एका उंचीवर लावल्या. टायपिस्ट बाईंनी तर तिच्याखाली नातवाचा फोटो टांगलाय. आपलंच घर तेवढं तसंच राहिलं. आईला रंगाचा वास सोसला नसता म्हणून मी नको म्हणालो. आता आपल्या भिंती इतक्या कळकट दिसतात की आलेल्या माणसाला बसा म्हणायची लाज वाटते.

मी कशाला हे रडगाणं गातोय. खरं भय वेगळं आहे. काल दुपारी मी ओट्यापाशी उभा होतो आणि खांबातून आवाज आला. मोठा नाही. ताणलेल्या शिवणीतला एक टाका तुटावा तसा, टच. शिंप्याच्या कानाला तो आवाज चुकत नाही. एक टाका तुटला की शिवण लगेच उसवत नाही. पण शेजारच्या टाक्यांवर भार जातो. मी टोपड्याचा बंद सोडून आत पाहिलं. दिवा नुसता तांबडा नव्हता, लुकलुकत होता. बिचारी परत शेजारणींना विचारत असणार, तुम्हाला लागलं का गं? आणि त्या सगळ्या टीव्ही बघत बसलेल्या.

मी बंद परत बांधला. गाठ नीट बसली नाही.

तू या विषयात शिकलेली आहेस. माणसांचं ऐकू की डबीचं? एकाच शब्दात कळव. जास्त लिहायला वेळ नसेल.

बाप

४ फेब्रुवारी

पोरी,

हे तुला ठाऊक आहे, तरी लिहितो. झालेलं नीट लिहून काढलं नाही तर ते माझ्या डोक्यात सारखं उलटंसुलटं होत राहतं.

टायपिस्ट बाई फोन हातात घेऊन, पदर खोचत आपल्या दारात आल्या. "काका, तुमची लेक! माझ्यावरच ओरडतेय!" मी फोन कानाला लावला. वर्षभराने तुझा आवाज, आणि पहिलं वाक्य काय, तर रंगाऱ्याबद्दल.

"बाबा, पत्रात लिहिलंय ते खरं? सगळ्यांच्या डब्या टीव्हीच्या वर?"

"सगळ्यांच्या. एका उंचीवर. छान दिसतात."

तुझी खुर्ची मागे सरकल्याचा आवाज आला.

"बाबा, टीव्हीमागची भिंत म्हणजे नुसता आडोसा. इमारतीचं वजन तिच्यावर नाही. तिथे बसलेल्या डबीला काय कळणार? खांबावर एकटी तुमचीच आहे. बाकीच्या भलत्याच जागी बसून सगळं छान आहे म्हणतायत, आणि त्यांच्या मतावर आम्ही तुमचीला खोटं पाडलं. बहुमताचा तो नियम मी लिहिलाय, बाबा. मीच."

"मग आता?"

"आईला खाली आणा. सगळ्यांना खाली आणा."

"अगं, तिला जिना कसा—"

"बाबा, मी भांडत नाहीये. मी घाबरलेय."

हे वाक्य मला अगदी स्वच्छ ऐकू आलं. घाबरणं हे माझं काम. या घरात तो मान दुसऱ्या कुणी घेतला नव्हता. माझे पाय त्याच क्षणी चालायला लागले, कसे ते देव जाणे.

भोंगा आधी ऐकेना. "सभेत ठराव झालाय!" टायपिस्ट बाईंनी त्याच्या तोंडासमोर फोन धरला. तू त्याला काय सांगितलंस मला माहीत नाही, पण तो पांढरा पडला आणि स्वतःच्या ऑफिसातली चाकांची खुर्ची घेऊन वर आला. शेजारचे चारचौघं आईला त्या खुर्चीत बसवून उचलायला लागले. एका पायाला स्वतः भोंगा. माणूस वाईट नाही गं, आवाज मोठा आहे एवढंच.

जिन्यात एकेका वळणावर थांबत उतरलो. आई डोळे मिटून होती, छातीतून शिट्टीसारखा आवाज. मला वाटलं, इमारतीचं नंतर, ही इथेच जाईल आणि ते माझ्या कपाळी येईल. दुसऱ्या मजल्यावर तिने डोळे उघडले.

"अहो, डबीचं टोपडं काढलंत का?"

"तुला काय करायचंय टोपड्याशी?"

"पातळ कापड घेतलंत. आरपार तांबडं दिसायचं. मला वाटलं तुम्ही घाबराल, म्हणून बोलले नाही."

भोंग्याला खुर्ची धरलेल्या हातांनी हसू आवरेना. "काकू, हसवू नका, खुर्ची सुटेल."

आम्ही बाहेर आलो आणि इमारतीकडे पाहिलं. ती तशीच उभी. कुठे काही हललं नव्हतं. लोक रस्त्यावर घरातल्या कपड्यांत, कुणाच्या हातात कुकर, कुणाच्या काखेत टीव्हीवरची डबी. ते सगळे माझ्याकडे बघत होते. पोरी, त्या क्षणी मला सगळ्यात जास्त भीती इमारत पडण्याची वाटली नाही. ती न पडण्याची वाटली.

दुपारी तुमचे इंजिनिअर आले. तळमजल्यावरच्या चष्म्याच्या दुकानात गेले, जिथे गेल्या महिन्यात मोठी काच बसवली. खांबाभोवती चकचकीत फळ्या लावल्या होत्या. त्या काढल्या. आतला खांब कमरेत तासलेला. काच बसेना म्हणून त्यांनी खांबच बारीक केला होता, माप चुकलेला कोट कमरेत आत घ्यावा तसा. आतल्या सळ्या उघड्या, एक वाकलेली. तोच खांब आपल्या स्वयंपाकघरातून वर जातो. इंजिनिअर दुकानातून बाहेर आले ते धावतच, आणि त्यांनी रस्त्याला दोरी बांधली.

चष्मेवाला म्हणत होता, "मला दिसलंच नाही हो." कुणी हसलं नाही.

तुझ्याकडे येण्याइतका प्रवास आईला इतक्यात सोसायचा नाही, म्हणून आम्ही सध्या तुझ्या मामाकडे आहोत, गोदामाशेजारच्या खोलीत. मेहुण्याच्या घरी राहायची पाळी, तीही या वयात. पण तळमजला आहे. आईला दम कमी लागतो. मीच तेवढा जागचा हलत नाही.

बाप

८ फेब्रुवारी

पोरी,

मामाला काही बोलू नकोस. मी त्याला पान आणायला जातो सांगून निघालो होतो. तो मला अडवेल म्हणून खोटं बोललो.

दोरीपाशी पहारेकरी होता, पण तो समोर उभ्या ट्रकवाल्याशी भांडत होता. मला फक्त कात्री हवी होती. माझ्या उस्तादाने दिलेली, लोखंडी, जिच्या मुठीला माझा अंगठा बसून खळगा पडलाय. कपाटं, भांडी, सगळं जाऊ दे. जिना चढताना मी मनात म्हणत होतो, माणूस वेडा झाला की असंच करतो, आणि चढतच होतो.

घर गप्प होतं. टेबलावर आईची वाटी तशीच. स्नानघराचं दार आता उघडतच नव्हतं, चौकट तिरकी झाली होती. माझी कात्री स्वयंपाकघरातल्या खणात. आत पाऊल टाकलं आणि फरशी माझ्याकडे थोडी झुकली आहे असं वाटलं. खांबाला वरपासून खाली भेग होती, शिवण धरून फाटावं तशी सरळ. त्यावर टोपडं घातलेली डबी.

मला राहवलं नाही. मी तिचं टोपडं काढलं. लुकलुक चालूच होती. म्हणालो, "बाई, तू खरी होतीस. माझाही हात वर गेला होता."

तेवढ्यात खिशात मामाचा फोन वाजला. तो मी चुकून घेऊन आलो होतो. तू.

"बाबा, खाली उतरा."

"मी मामाकडेच—"

"खोटं बोलू नका. स्वयंपाकघरात आहात. दारापासून खांबापर्यंत आलात आणि थांबलात."

"तुला कुणी सांगितलं?"

"डबीने. उजवा पाय ओढता तुम्ही. रोज सकाळी चहाच्या वेळी हीच पावलं येतात, दारापासून ओट्यापर्यंत, मग परत. वर्षभर बघतेय मी. ती आली की माझं काम सुरू होतं. बाबा, चला. हळू. खांबाला टेकू नका."

मला निम्मं ऐकू येतं हे खोटं आहे. मला सगळं ऐकू आलं. वर्षभर मी समजत होतो की तू तोंड फिरवून बसलीस, आणि तू रोज माझ्या चहाची वाट पाहत होतीस. मी फोन कानाला धरूनच निघालो, आणि तूही तो ठेवला नाहीस. मी पायरी पायरी उतरत होतो आणि तू मोजत असशील, हे मला कळत होतं. खाली रस्त्यावर आल्यावर तू म्हणालीस, "आता पावलं नाहीत." आणि रडलीस. माझ्यासारखंच रडतेस, नाक ओढत.

दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघराची बाजू खाली बसली. भर दुपारी, सगळे बघत असताना. आवाज ऐकून मी मामाच्या खोलीत पलंगाखाली शिरलो, खोटं कशाला सांगू. आई म्हणाली, "अहो, बाहेर या, ते तिकडे पडलं." आतमध्ये कुणी नव्हतं. मग तिकडे जाऊन पाहिलं तर भोंगा धुळीत उभा राहून एकेका घराची नावं घेत माणसं मोजत होता, आणि पहिल्यांदाच त्याचा आवाज हळू होता. डबीवाल्या बाई मला म्हणाल्या की आपली डबी शेवटपर्यंत कळवत होती, आणि मग एकदम थांबली.

आता इथल्या भिंतींची भीती वाटते. मी सकाळी उठून त्या ठोकून बघतो. मामा म्हणतो, "भावजी, पोपडे पाडू नका." पण इथे कुठे डबी नाही, आणि सकाळी तुझ्यापर्यंत माझं काही पोचत नाही. म्हणून पेटीत टाकायला हे लिहितोय, जरी तू निघाली आहेस आणि याच्या आधीच येऊन पोचशील. आज उठलो. चहा केला. दारापासून खिडकीपर्यंत चाललो आणि परत आलो, उजवा पाय ओढत. एवढं कळवायचं होतं.

येताना एक डबी आण. खांबावर लाव म्हणजे झालं, टीव्हीच्या वर नको. कात्री वरच राहिली, गेली. टोपडं मात्र खिशात आलंय. परत घालणार नाही तिला.

तुझा
बाप